ऐकून घ्या, बॅज बघून नको: जुन्या ड्रम्सबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की जुनी राईड, म्हणजे ताल धरायची मोठी सिंबल (झांज), चकचकीत करायला घेऊ नका, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम जुन्या किट्सना, सिंबल्सना आणि पेडलांनाच देतोय. काहीजण रागावलेत, काहींनी स्वतःचे अनुभव लिहिलेत, ते जमेल तिथे उत्तरांतच घेतलेत, कारण या विषयात एकट्या माझ्या शब्दावर कुणी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: दादा, लुडविग कंपनीचा एक जुना किट बघून ठेवलाय, २२ इंची बास, १३ चा टॉम, १६ चा फ्लोअर टॉम आणि स्नेअर (खालून तारा लावलेला ड्रम). विकणारा म्हणतो १९६४ चाच आहे, बॅजवर नंबर पण आहे. बाहेरचं पांढरं पर्ल आवरण पार पिवळं पडलंय आणि बास ड्रमला वरच्या बाजूला कुणीतरी जादाचं भोक पाडलंय. घेऊ का? आणि घेतला तर एज, म्हणजे ड्रमच्या नळकांड्याची (शेलची) वरचा पडदा (हेड) टेकतो ती कड, नव्याने कापून घेऊ का?

आधी सालाचं बोलू. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्सचा रिंगो स्टार एड सलिव्हनच्या शोमध्ये लुडविगच्या ब्लॅक ऑयस्टर पर्ल किटवर बसलेला अमेरिकेने टीव्हीवर बघितला आणि लुडविगची मागणी कुठल्या कुठे गेली, तेव्हापासून ६४ या आकड्याला एक वेगळंच वजन आलंय आणि विकणारा माणूस तो आकडा लगेच पुढे करतो. बॅजवरचा नंबर म्हणजे जन्मदाखला नव्हे. हे बॅज क्रमाने लावलेच जायचे नाहीत, जो हाताला येईल तो ठोकला जायचा, त्यामुळे नंबरावरून फार तर अंदाज येतो. हेड काढायला सांगा आणि आत बघा. शाईचा तारखेचा शिक्का असला तर तो जास्त भरवशाचा, साठच्या दशकातल्या बऱ्याच लुडविगमध्ये आतून राखाडी ठिपक्याठिपक्यांचा रंग असतो, तीन थरांचं लाकूड आणि वरखाली मजबुतीसाठी लावलेल्या रिंगा दिसतात. चारही ड्रम आतून एकसारखे दिसतायत का हेही तिथेच कळतं. एक टॉम वेगळ्या घरचा असणं हे खूप कॉमन आहे, त्यात वाईट काही नाही पण मग तो पूर्ण सेट म्हणून घेऊ नका.

खरी परीक्षा त्यानंतरची. सोबत एक मोजायची टेप, एक टॉर्च आणि एक नवीन हेड घेऊन जा. टेपने शेलचा व्यास चार दिशांनी मोजा, दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर ड्रम अंडाकृती झालाय असं समजा, तो तुम्हाला आयुष्यभर ट्यूनिंगला छळेल. मग नवीन हेड नुसतं वर ठेवायचं, हूप (हेड दाबून धरणारी कडी) न लावता, आणि बोटाने फिरवायचं. कुठेही न अडकता फिरलं पाहिजे. शेवटी काचेच्या सपाट टेबलावर शेल पालथं ठेवा, खोलीतला दिवा घालवा आणि आत टॉर्च सोडा. कडेखालून जिथे प्रकाश निसटतो तिथे एज बसलेली नाही. पण इथे एक लक्षात घ्या, जुन्या एज गोलसर असायच्या आणि हातानेच घासलेल्या असायच्या त्यामुळे केसाएवढी फट एक-दोन ठिकाणी दिसणारच, तेवढ्याने घाबरून किट सोडू नका, आत बोटाचं नख जाईल एवढी फट असेल तरच काळजी करा.

एज कापायची का? माझं उत्तर नाही, निदान आधी वर्षभर तरी नाही. त्या गोल कडेवर हेडचा जास्त भाग टेकतो म्हणून आवाज लवकर मिटतो, खालचा गाभ्याचा सूर पुढे येतो, वरचा कर्कशपणा दबतो, आणि ज्याला आपण जुन्या किटचा आवाज म्हणतो त्यातला मोठा हिस्सा तिथेच आहे. एका वाचकाने याच विषयावर लिहिलंय, त्याच्याकडे ग्रेच कंपनीचा गोल बॅजचा ड्रम होता, आतून चंदेरी रंगाचा, ओतीव जाड हूपवाला, मूळची एज ३० अंशांची. त्याने कुणाचं तरी ऐकून ती ४५ अंशांत धारदार कापून घेतली. तो म्हणतो ट्यूनिंग पाच मिनिटांत व्हायला लागलं, ड्रम भरपूर घुमायला लागला, पण ज्या आवाजासाठी घेतला होता तो परत ऐकू आला नाही. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही हो, म्हणून आधी नवीन हेड लावा, सगळे लग (हेड ताणायचे स्क्रू ज्यात बसतात ते) नीट घट्ट करा, महिनाभर वाजवा, मग ठरवा.

पिवळ्या पर्लला हात लावू नका, उजेडाने, धुराने आणि वयाने पांढरा पर्ल असाच होतो आणि मला तरी तो दुधाच्या सायीसारखा रंग नव्यापेक्षा आवडतो. फक्त जोडाच्या जागी आवरण उचकटलंय का, आकसून चीर पडलीय का ते बघा. आणि त्या जादाच्या भोकाचा आवाजाला काही फरक पडत नाही, किमतीला मात्र पडतो, तेव्हा वाजवायला घेत असाल तर ते भोक तुमच्या फायद्याचं आहे, बिनधास्त घासाघीस करा. जमवायला घेत असाल तर दुसरा शोधा.

प्रश्न: लुडविगच्या जुन्या क्रोमच्या स्नेअरवर फोड आल्यासारखं झालंय आणि पापुद्रे निघतायत. विकणारा म्हणतो आत पितळ आहे. खरं असेल का?

वर्णनावरून तरी ते अ‍ॅल्युमिनियमचं सुप्राफोनिक (लुडविगचं क्रोमचं स्नेअर) वाटतंय. साठच्या दशकाच्या सुरुवातीची थोडी वर्षं पितळेवर क्रोम असायचं, मग शेल अ‍ॅल्युमिनियमचं झालं आणि अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, त्यामुळे हे खड्डे आणि पापुद्रे हा त्या मॉडेलचा जन्मजात आजार आहे. चुंबक लावून उपयोग नाही, दोन्ही धातूंना चिकटत नाही. हातात उचलून बघा, पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट घन असतं, दोन्ही उचलून बघितलेला माणूस डोळे मिटून सांगेल. नाहीतर जिथे पापुद्रा निघालाय तिथे खाली बघा, पिवळं दिसतंय की पांढुरकं.

आवाजाला या खड्ड्यांनी काहीही होत नाही. लेड झेपलिनच्या बॉनहॅमने वाजवलेलं साडेसहा इंचाचं सुप्राफोनिक याच अ‍ॅल्युमिनियमच्या घराण्यातलं. वाजवून झाल्यावर घामाचे हात लागलेत तिथे कोरड्या फडक्याने पुसा, ओल राहू देऊ नका, आणि सुटे पापुद्रे नखाने ओढू नका, बोट कापतं, मी कापून घेतलंय. बजेट कमी असेल तर लुडविगचंच अ‍ॅक्रोलाइट शोधा, त्यालाही तसंच अ‍ॅल्युमिनियमचं शेल, फक्त क्रोम नाही आणि दहाऐवजी आठ लग, आणि क्रोमच नाही तर सोलणार काय! मी तर म्हणेन पहिलं जुनं स्नेअर म्हणून तेच घ्या.

प्रश्न: तुम्ही सिंबल साफ करू नका म्हणता ते मला अजिबात पटलं नाही. मी माझ्या झिल्जियन कंपनीच्या जुन्या सिंबल दर सहा महिन्यांनी पॉलिश करतो, आवाज मोकळा होतो. घाण साचवण्याला कॅरेक्टर म्हणायचं हे कुठलं शास्त्र?

तुमचा राग कळला आणि तुमचं अर्धं म्हणणं बरोबरच आहे. घाण वेगळी आणि काळवंडणं वेगळं, मागच्या वेळी हे मी सांगायला हवं होतं. बोटांचं तेल, धूळ, स्टिकचे लाकडाचे कण, चिकटपट्टीचा जुना गोंद, हे सगळं सिंबलवरच्या बारीक खाचांत बसतं आणि त्याने वरचे सूर दबतात, ते काढलंच पाहिजे. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, आणि पुसायचं खाचांच्या दिशेने गोल गोल, आडवं घासायचं नाही. मग लगेच कोरडं करायचं. एवढंच.

काळवंडणं म्हणजे मात्र धातूवर हवेने आणि वयाने आलेला थर. चांगल्या जुन्या सिंबल ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील अशा मिश्रधातूच्या असतात आणि त्या धातूला हा तपकिरी, कधी हिरवट थर येतोच. तो गेला की आवाज जरा उजळतो हे तुम्ही ऐकलंय, मान्य. पण पॉलिश म्हणजे बारीक घासणंच आहे, दर सहा महिन्यांनी तुम्ही खाचांच्या माथ्यावरचा धातू थोडा थोडा उतरवताय आणि छापलेला लोगो तर केव्हाच गेला असेल. आणि कुणी मशीनच्या चाकावर बफिंग करून देतो म्हणाला तर कृपा करून देऊ नका, घर्षणाने सिंबल इतकी तापते की तिचा ताणच बिघडू शकतो. उजळ आवाज हवा तर उजळ सिंबल घ्या, काळी सिंबल गोरी करत बसू नका. आणखी एका वाचक ड्रमरने एका वाक्यात लिहिलंय, "माझी २० ची राईड मी चाळीस वर्षांत फक्त पुसली, ती माझ्याबरोबर म्हातारी झाली आणि आम्हा दोघांचा आवाज खाली आला." मला हे पत्र फार आवडलं.

आता याच निमित्ताने जुन्या सिंबल घेण्याबद्दल सांगतो कारण पाच पत्रांत तोच प्रश्न आहे, "जुनी इस्तंबूलची के झिल्जियन मिळतेय, डोळे झाकून घेऊ का?" डोळे झाका पण कान उघडे ठेवा. झिल्जियन घराण्याचा धंदा १६२३ पासूनचा, कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा. १९२९ मध्ये अमेरिकेत ए झिल्जियनचा कारखाना निघाला पण के मात्र सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत इस्तंबूलमध्येच हाताने ठोकून बनायच्या आणि अमेरिकेत त्या ग्रेच कंपनी आणायची. हाताने ठोकलेल्या म्हणजे एकीसारखी दुसरी नाही. एक ऐकून अंगावर काटा येईल आणि शेजारची, तेच साल तोच शिक्का, नुसती थाळी वाजवल्यासारखी. जुन्या काळी ड्रमर ढीगभर के पुढ्यात घेऊन तासन्तास एक एक वाजवून निवडायचे ते याचसाठी. शिक्का बघून पैसे देणारा माणूस ढिगातली कुणीतरी नाकारलेली सिंबलही घेऊन येऊ शकतो.

वजन काट्यावर घ्या, हे सगळ्यात प्रामाणिक. २० इंचाची राईड १७००-१८०० ग्रॅमची असेल तर ती पसरणारी, क्रॅशसारखी उघडणारी असणार, २३०० च्या पुढे गेली तर स्टिकचा टिक टिक स्पष्ट आणि पसारा कमी. यात चूक बरोबर नाही, तुम्हाला काय वाजवायचंय तेवढंच. जोरात रॉक वाजवणाऱ्याने पातळ जुनी के घेऊन तिचं वाटोळं करू नये, त्याच्यासाठी पायस्टी कंपनीच्या १९७१ पासूनच्या '२००२' नावाच्या सिंबल आहेत, त्यात कथील ८ टक्केच, आवाज सरळ आणि बँडमधून चिरत जाणारा. काही जॅझवाले त्यांना नावं ठेवतात, मी नाही ठेवणार.

आणि भेग. मी स्वतः एक २० ची राईड वाजवून बघून खूश होऊन घेऊन आलो, घरी शांततेत टोकाने हळू वाजवली तर शेपटीला एक बारीक फिस्स असा आवाज. डोळ्यांना काही दिसेना. मग अंगठ्याचं नख कडेवरून सावकाश फिरवत गेलो तर एका जागी नख अडकलं, अगदी केसभर, आणि उजेडात वाकडी धरून बघितली तर दोन सेंटिमीटरची रेष खाचेच्या आडोशाने गोल वळत गेलेली. खाचेच्या दिशेने जाणारी भेग अशीच लपते. तेव्हापासून नख फिरवल्याशिवाय मी सिंबल घेत नाही. मधलं भोकही बघा, स्टँडवर स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) न लावता वर्षानुवर्षं वाजवली की ते किल्लीच्या भोकासारखं लांबट होतं. थोडं लांबट चालतं, पण त्याच्या कोपऱ्यातून रेष निघाली असेल तर सोडून द्या. कडेची छोटी भेग असेल तर तिच्या टोकाला भोक पाडून किंवा तेवढा अर्धचंद्र कापून काढून ती थांबवतात, कधी वर्षानुवर्षं टिकते, कधी महिन्यात पुढे जाते, म्हणून त्या सिंबलला भेगेची किंमत द्या, नावाची नको.

प्रश्न: माझं स्पीड किंग पेडल स्लो गाण्यात किर्र किर्र करतं, माईकमध्ये पण येतं. एकाने स्प्रे मारून दिला, दोन दिवस गप्प बसलं आणि परत सुरू. विकून टाकू का?

अरे विकू नका! लुडविगचं हे पेडल १९३७ पासूनचं आणि किरकिरीसाठी ते जगभर बदनाम आहे, पण ती किरकिर बरी होते. पातळ स्प्रे आतलं उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो, म्हणून दोन दिवसांनी आधीपेक्षा जास्त किरकिरतं.

या पेडलची स्प्रिंग बाहेर दिसत नाही, दोन्ही खांबांच्या पोटात एक एक असते आणि ती ताणली जात नाही तर दाबली जाते. पेडल आडवं करा, खांबांच्या तळाशी मोठे स्क्रू दिसतील. ते उघडताना किती फेरे फिरवले ते मोजून कागदावर लिहा, डावा वेगळा उजवा वेगळा, आणि शेवटचे फेरे फिरवताना अंगठा दाबून धरा कारण स्प्रिंग उडते. आतून काळं मेणासारखं झालेलं ग्रीस निघेल, ते सगळं रॉकेलमध्ये किंवा तत्सम काहीतरी घेऊन जुन्या टूथब्रशने काढा, खांबाची नळी आतून फडक्याने पुसा, स्प्रिंगला आणि तिच्या दट्ट्याला जाड ग्रीसचा हात द्या आणि मोजलेले तेवढेच फेरे देऊन बंद करा. वरच्या आसाच्या बेअरिंगलाही थोडं ग्रीस. एकदा माझ्या ओळखीच्या ड्रमरचं असं उघडलं तेव्हा डाव्या आणि उजव्या स्क्रूत चार फेऱ्यांचा फरक निघाला, आस तिरका ओढला जात होता आणि निम्मी किरकिर त्याचीच होती. दोन्ही बाजू सारख्या करा, पाय हलका झालेला तुम्हालाच जाणवेल.

साखळी बरी की पट्टा की थेट जोडणी, हेही दोघांनी विचारलंय. स्पीड किंगमध्ये साखळी पट्टा काही नाही, फूटबोर्ड आणि बीटरचा (ड्रमवर आदळणाऱ्या दांड्याचा) आस धातूच्या दुव्याने थेट जोडलेला, त्यामुळे पायाची बारीकशी हालचालही बीटरपर्यंत जाते आणि पायाची चूकही जाते. जुन्या कॅम्कोच्या पेडलला पट्टा, चाल मऊ, पाय विसरायला लावणारी. कॅम्को बंद पडताना त्यांची यंत्रं ड्रम वर्कशॉप कंपनीकडे गेली आणि नाव टामा कंपनीकडे, म्हणून आजच्या कितीतरी साखळीवाल्या पेडलांत कॅम्कोची हाडं आहेत. जुना पट्टा मात्र कडक होऊन मधेच तुटतो, प्रोग्रॅमला जाताना जादाचा पट्टा पिशवीत ठेवाच. मला स्वतःला हळू वाजवताना पट्टा आवडतो आणि वेगात साखळी, पण जो तीस वर्षं स्पीड किंगवर वाजवतोय त्याला यातलं काही सांगायला जाऊ नये.

प्रश्न: माझ्या जुन्या ब्रिटिश प्रीमियर कंपनीच्या टॉमवर नवीन हेड बसतच नाही. शेल फुगलं का?

शेल ठीक आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रीमियरचे काही टॉम आजच्या आंतरराष्ट्रीय मापापेक्षा किंचित मोठे असायचे, त्यांना त्या जुन्या मापाचं हेडच लागतं. ती अजून बनतात, प्री-इंटरनॅशनल मापाची म्हणून मागा. हेड ठोकून बसवू नका आणि शेल तर मुळीच तासू नका.

प्रश्न: जुन्या किटवर कातड्याची हेड लावली तरच खरा आवाज येतो का?

आवाज सुंदर येतो, उबदार आणि बोटांखाली जिवंत. पण हवेत ओल वाढली की सैल आणि कोरडं झालं की ताणलेलं, मैफल संपेपर्यंत तीनदा चावी काढावी लागते. १९५७ च्या सुमारास प्लास्टिकची हेड आली तेव्हा ड्रमर्सनी ती उगाच नाही उचलून धरली. आणि साठच्या दशकातले किट तर प्लास्टिकच्या हेडवरच वाजलेत. एका थराचं, वरून पांढरा खरखरीत लेप असलेलं साधं हेड लावा. जाड दोन थरांचं, तेलाचं हेड लावून पातळ जुन्या शेलचं तोंड बंद करू नका.

प्रश्न: मी नवीन किट वाजवतो आणि मला हे जुन्याचं वेड कळत नाही. नवीन किटचं हार्डवेअर हलत नाही, एज मशीनने कापलेली असते. तुम्ही लोक आठवणींना पैसे देता.

हार्डवेअरबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. जुने स्पर (बास ड्रमचे पाय) म्हणजे बोटाएवढ्या काड्या, जोरात वाजवणाऱ्याचा बास ड्रम गाण्यागणिक पुढे सरकत जातो, टॉम हळूहळू मान टाकतो, सपाट पायांचे सिंबल स्टँड मोठी राईड घेऊन डोलतात. रॉजर्स कंपनीचं गोळा आणि खोबणीचं स्विव्ह-ओ-मॅटिक हार्डवेअर सोडलं तर त्या काळातलं फार थोडं आज स्टेजवर निर्धास्त वापरता येतं. म्हणून जुन्या ड्रमखाली नवीन स्टँड लावा, टॉम स्नेअरच्या स्टँडवर ठेवा, बास ड्रमपुढे गालिच्यावर काहीतरी आडवं लावा. यात कसलाही अपमान नाही.

पण आठवणींना पैसे देतो हे पटत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर लुडविगनेच शेल तीन थरांवरून सहा थरांवर नेलं आणि रिंगा काढल्या, दोन्ही शेजारी ठेवून एकाच हेडवर एकाच सुरात लावून वाजवा, फरक कान असलेल्या कुणालाही कळेल. जुना खाली बोलतो आणि लवकर गप्प बसतो, नवा लांब घुमतो. चांगलं वाईट तुमच्या गाण्यावर. त्या काळातही टाकाऊ किट भरपूर निघाले, जुनं म्हणून कुठलंही उचलू नका, आणि तुमचा नवीन किट तुम्हाला आवडत असेल तर तोच मनापासून वाजवा.

प्रश्न: जुन्या टॉमवर माईक लावला की वाजवल्यानंतर आतून झुंईईई असा आवाज येत राहतो. हेड बदललं, तरी आहेच.

जुन्या लगच्या पोटात आतला नट धरून ठेवायला एक छोटी स्प्रिंग असते, ती थरथरते. खात्री करून घ्यायला एक एक लग बोटाने दाबून धरत वाजवा, जो दाबल्यावर आवाज थांबेल तो. आतला फेल्टचा मफलर असेल तर त्याचा स्क्रूही बघा, ढिला असला की तोच खुळखुळतो. लग काढा, पोकळीत स्प्रिंगभोवती थोडा कापूस किंवा फोमचा तुकडा भरा, फार ठासून नको, नट सरळ राहिला पाहिजे, आणि परत लावा. मफलर काढलात तर तो, त्याचा स्क्रू आणि वॉशर एका डबीत घालून डबीवर कुठल्या ड्रमचं ते लिहून ठेवा.